छोट्या गावाचं सांडपाणी: मोरीपासून ओढ्यापर्यंत

आमचं गाव पुरंदर तालुक्यात, कऱ्हेच्या खोऱ्यात. वस्ती बाराशेच्या आसपास. मी लहान होतो तेव्हा उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागायची. मोरीतून निघणारी धार परसातल्या अळूला आणि केळीलाच पुरत नसे, त्यामुळे गावात गटार नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. पुढे घरोघरी नळ आले. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटरचा हिशेब धरला. पाणी आलं याचा आनंद मोठा होता, आजही आहे. पण वापरून झालेलं पाणी जायचं कुठे, हा प्रश्न ग्रामसभेत कुणी विचारला नाही. ते गल्लीतून वाहिलं, ओढ्यात गेलं. एका वर्षी पहिल्या पावसानंतर ओढ्याकाठच्या आळीत घराघरांत जुलाब सुरू झाले, तेव्हा आम्ही त्या पाण्याकडे नीट बघितलं.

त्यानंतर आमच्या गावात आणि आजूबाजूच्या वाड्यांत जे काम केलं, त्यावरून हा लेख लिहितो आहे. दीडशे-दोनशे घरांचं गाव, विजेची खात्री नाही, पगारी ऑपरेटर परवडत नाही, अशा ठिकाणी पाणी आधी घरोघरी जिरवायचं आणि उरलेलं विजेशिवाय खडी-कर्दळीच्या वाफ्यातून गाळायचं, हीच पद्धत टिकते असं माझं मत आहे. मोटार, ब्लोअर आणि पॅनेल असलेला तयार प्लांट कुणी दाखवायला आलं, तर आधी त्याचं महिन्याचं वीजबिल विचारा. ते घरपट्टीतून निघणार नसेल तर तो प्लांट दोन वर्षांत बंद पडणार हे धरून चाला.

आधी गाव पायी फिरा

सकाळी सहाला निघा. गटाराच्या शेवटच्या टोकापासून उलटं वर चढत जा. सोबत पाणी सोडणारा शिपाई घ्या, कारण कुठल्या घराची मोरी कुठे निघते हे त्याला माहीत असतं. वहीत प्रत्येक घरापुढे चार गोष्टींची नोंद करा. अंघोळीचं, भांड्यांचं आणि कपड्यांचं पाणी कुठे जातं? संडासाचं पाणी कुठे जातं? गोठा आहे का, आणि त्याचं मूत्र-शेण वाहून येतं का? पन्हाळीचं पावसाचं पाणी गटारात पडतं का?

या चार पाण्यांचा स्वभाव वेगळा आहे. मोरीचं पाणी सर्वांत जास्त, पण त्यात घाण त्या मानाने कमी. संडासाचं पाणी थोडं, पण रोगजंतू बहुतेक सगळे त्यातच. गोठ्याचं पाणी इतकं जड असतं की दहा म्हशींचा गोठा गटाराला जोडला तर तो अख्ख्या आळीइतका भार टाकतो. आणि पावसाचं पाणी स्वच्छच असतं, पण ते सांडपाण्यात मिसळलं की तासाभरात सगळी व्यवस्था बुडवतं. म्हणून या चौघांना वेगळं ठेवणं हेच निम्मं काम. गोठ्याचं पाणी गोबरगॅसला किंवा उकिरड्याला, पन्हाळीचं रस्त्याच्या कडेने थेट ओढ्याला, संडासाचं जमिनीखाली. गटारात फक्त मोरीचं पाणी राहिलं पाहिजे.

बादली आणि मोबाईल

पाणी किती येतं हे अंदाजाने ठरवू नका. कागदावरचा हिशेब सोपा आहे: १,२०० माणसं गुणिले ५५ लिटर म्हणजे ६६,००० लिटर, आणि पुरवलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होतं असं धरतात, म्हणजे ५३,००० लिटरच्या आसपास. पण गटाराच्या टोकाला तेवढं कधीच येत नाही. काही परसात मुरतं, काही वाटेत जिरतं.

त्यापेक्षा टोकाला गटार आडवं बांधून त्यातून एक पाईप काढा, खाली १५ लिटरची बादली धरा आणि ती किती सेकंदांत भरते ते मोबाईलवर मोजा. दिवसभर दर तासाला एकदा. आमच्याकडे सकाळी सातला बादली १२ सेकंदांत भरली, म्हणजे तासाला ४,५०० लिटर. दुपारी दोनला तीच बादली भरायला दीड मिनिट लागलं. चोवीस तासांची बेरीज ३०,००० लिटरच्या आत-बाहेर आली. या आकड्यावर टाकी आणि वाफ्याचा आकार ठरतो, आणि सकाळच्या धारेवर पाईपचा. तेव्हा दोन्ही लिहून ठेवा.

रात्री तीनलाही एकदा मोजा. गाव झोपलेलं असताना धार वाहत असेल तर ते सांडपाणी नाही, ती गळती आहे. आमच्याकडे चार नळांना तोट्याच नव्हत्या. त्या बसवल्या आणि रोजचं काही हजार लिटर पाणी कमी झालं. एवढी स्वस्त प्रक्रिया दुसरी कुठली नाही.

जमीन पाणी पिते का?

पुणे जिल्ह्यात हा प्रश्न तालुक्यागणिक बदलतो. पुरंदर, भोरकडे मुरूम लागतो, पाणी बरं जिरतं. इंदापूर, बारामती, दौंडच्या काळ्या जमिनीत ते तुंबून राहतं. मुळशी, मावळ, वेल्ह्याकडे उन्हाळ्यात जिरेल, पण आषाढात भूजल इतकं वर येतं की शोषखड्डा उलटा भरतो.

परीक्षा घरच्या घरी होते. खड्डा जिथे घ्यायचा त्या खोलीपर्यंत एक वीतभर रुंद भोक घ्या, तळाला दोन इंच जाड वाळू टाका. त्यात फूटभर पाणी भरून रात्रभर माती भिजू द्या, कारण कोरडी माती पहिल्यांदा खोटं बोलते. सकाळी वाळूवर अर्धा फूट पाणी ठेवा आणि पातळी एक इंच उतरायला किती मिनिटं लागतात ते बघा. ३० मिनिटांच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालेल. ३० ते ६० मिनिटं लागली तर खड्ड्याऐवजी लांब उथळ चर घ्या. तासापेक्षा जास्त लागला तर तिथे पाणी जिरवायचा हट्ट सोडा, ते पाईपने बाहेर काढा.

घराचं पाणी घरीच

गटारात न आलेल्या पाण्यावर प्रक्रिया करावी लागत नाही. म्हणून आम्ही टोकाचं बांधकाम शेवटी केलं आणि पहिलं वर्ष फक्त शोषखड्ड्यांना दिलं.

मराठवाड्यात नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने मॅजिक पिट घराघरांत केले आणि डास हटवले. तो नमुना आमच्याकडेही चालला. चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा. मधोमध सिमेंटची भोकं पाडलेली टाकी, तिच्याभोवती खाली मोठे डबर, वर लहान दगड. वर गोणपाट नाही तर जाड प्लास्टिक, त्यावर माती. मोरीचं पाणी आधी टाकीत पडतं, गाळ तिथे बसतो, वरचं पाणी भोकांतून दगडांत जातं. टाकीचं झाकण उघडून गाळ काढता येतो, हेच याचं मोठेपण. जुन्या पद्धतीचा नुसता दगड भरलेला खड्डा एकदा चोंदला की सगळे दगड बाहेर काढावे लागतात, आणि ते कुणी काढत नाही.

विहिरीपासून किंवा बोअरपासून किमान ५० फूट लांब, घराच्या पायापासून दहा फूट. खड्ड्याच्या तळाखाली पावसाळ्यातल्या पाण्याची पातळी निदान एक मीटर तरी खाली हवी.

मोरी आणि खड्डा यांच्यामध्ये एक फुटाचं जाळीचं चेंबर हवंच हवं. हे मी शिकलो ते एका काकूंकडून. त्यांचा खड्डा सहा महिन्यांत तुंबला म्हणून आम्ही गेलो. मी खड्ड्याची माती तपासत बसलो, तर काकू म्हणाल्या, "अरे बाळा, माती काय बघतोस, हे बघ." त्यांनी काठीने मोरीच्या पाईपातून लगदा ओढून काढला: भाताची शितं, चहाची पत्ती, केसांचा गुंता आणि या सगळ्याला धरून ठेवणारं खरकट्याचं तेल, साबणाने गोठून पांढरं झालेलं. त्याच दिवशी आम्ही एका जुन्या पत्र्याच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून तो मोरीच्या तोंडाशी बसवला. काकू रोज तो उकिरड्यावर झटकतात. चार वर्षं झाली, खड्डा चालू आहे.

परस असेल तर शोषखड्ड्याआधी परसबागेचा विचार करा. केळी, अळू, कर्दळ, पपई ही झाडं मोरीचं पाणी आनंदाने पितात. पाणी जमिनीखालून मुळाशी द्या, पालेभाजीवर शिंपडू नका.

संडासाची टाकी: इथे संकोच करू नका

गावात "सेफ्टी टँक" म्हणतात तो सेप्टिक टँक बहुतेक घरांत आहे, पण त्याच्या पुढचा शोषखड्डा नाही. टाकीचा पाईप थेट गटारात. सेप्टिक टँक पाणी स्वच्छ करत नाही, तो फक्त गाळ बसवतो. त्यातून निघणारं पाणी दिसायला बरं असलं तरी रोगजंतूंनी भरलेलं असतं, आणि त्याच गटारात आपली पोरं चेंडू काढायला हात घालतात. ही गोष्ट घरोघरी बसून सांगावी लागते. भांडणं होतात, आमच्याकडेही झाली.

नवीन संडास बांधायचा असेल आणि जमीन जिरवणारी असेल, तर दोन खड्ड्यांचा बांधा. एक भरायला साधारण पाच वर्षं, मग इंग्रजी Y अक्षराच्या आकाराच्या चेंबरमधून पाणी दुसऱ्याकडे वळवायचं आणि पहिला बंद ठेवायचा. दीड-दोन वर्षांनी आत कोरडं, वास नसलेलं सोनखत मिळतं. आपल्याच जिल्ह्यात देहूमध्ये डॉ. मापुसकरांनी हा विषय लोकांच्या गळी उतरवण्यात आयुष्य घालवलं. संडासाला गोबरगॅस जोडण्याचं त्यांचं काम देशभर पोचलं आणि २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. त्यांनी सुरुवात केली तेव्हा लोकांना हे बोलायचीही लाज वाटायची, हे आठवलं की आपल्या ग्रामसभेतली कुरकुर फार वाटत नाही.

जुना सेप्टिक टँक असेल तर त्याला शोषखड्डा जोडा. काळ्या मातीत ते जमणार नसेल तर बंद पाईपने पाणी गावाच्या टोकाच्या गाळ बसायच्या टाकीपर्यंत (ती पुढे सांगितली आहे) न्या, पण मग ती टाकी आणि पुढचं सगळं मैलापाण्याच्या हिशेबाने मोठं करावं लागेल. सेप्टिक टँक दर दोन-तीन वर्षांनी मशीननेच उपसा. आत माणूस उतरवू नका, झाकण उघडून तासभर ठेवलं तरी नाही. आतला वायू एका श्वासात माणूस पाडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. २०१३ च्या कायद्याने हे काम माणसाकडून धोकादायक पद्धतीने करून घेणं गुन्हा आहे. मृत्यू झाला तर ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं. पण रक्कम बाजूला ठेवा, तो कुणाचा तरी मुलगा असतो.

गावाच्या टोकाला काय बांधायचं

शोषखड्डे झाल्यावरही ज्या घरांना परस नाही, दाट गावठाणातली, त्यांचं पाणी येणारच. त्यासाठी गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या पुररेषेच्या वर, सहा-सात गुंठे जागा लागते. गायरान असेल तर उत्तम. जागा निवडताना गवंड्याची पाण्याची नळी घेऊन लेव्हल काढा: गटाराच्या टोकापासून शेवटच्या बाहेर पडणाऱ्या पाईपपर्यंत दीड-दोन मीटर उतार मिळाला पाहिजे. तेवढा मिळाला तर मोटार लागत नाही.

खालचे आकडे रोजच्या ३०,००० लिटर मोरीच्या पाण्यासाठी आहेत.

सुरुवातीला गजांची जाळी, दोन गजांत २० मिलिमीटर अंतर, तिरकी बसवलेली, म्हणजे दाताळ्याने कचरा वर ओढता येतो. जाळीच्या आधी गटाराच्या भिंतीला एक खाच ठेवा. पावसात पाणी एका उंचीवर गेलं की जास्तीचं तिथून ओढ्यात सांडेल आणि पुढची व्यवस्था वाहून जाणार नाही.

त्यानंतर गाळ बसायची टाकी. नऊ मीटर लांब, अडीच मीटर रुंद, दीड मीटर पाण्याची खोली. यात दिवसभराचं पाणी मावतं. मधे भिंत घालून पहिला कप्पा दोन तृतीयांश, दुसरा एक तृतीयांश. पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना मधल्या उंचीवरून जावं, वरची साय आणि खालचा गाळ मागेच राहावा.

मग या सगळ्याचं हृदय: खडी आणि कर्दळीचा वाफा. प्रत्येकी २० मीटर लांब, १० मीटर रुंद असे दोन, शेजारीशेजारी. दोन अशासाठी की एक दुरुस्तीला बंद केला तरी दुसरा चालू राहतो. मिळून चारशे चौरस मीटर, म्हणजे चार गुंठे. खोली पाणी येतं तिथे ६० सेंटिमीटर आणि निघतं तिथे ८०, म्हणजे तळाला हलका उतार. तळाला शेततळ्याचा कागद, जाड, नीट जोडलेला, त्याखाली बारीक मातीचा थर, नाहीतर मुरमाचं टोक कागद फाडतं. दोन्ही टोकांना अर्धा मीटर मूठभर आकाराचे दगड, मधे सगळीकडे अर्धा ते पाऊण इंची खडी. खडीच्या पोकळीत पाणी सुमारे तीन दिवस रेंगाळतं, आणि त्या काळात दगडांवर आणि मुळांवर वाढलेले सूक्ष्मजीव घाण खातात. काम तेच करतात. कर्दळ त्यांना मुळांतून आसरा आणि थोडी हवा देते.

पाण्याची पातळी खडीच्या वरच्या थराखाली चार बोटं ठेवायची. उघडं पाणी दिसलं की डास आले. यासाठी बाहेर पडणाऱ्या पाईपला वळवता येणारा एल्बो, म्हणजे काटकोनात वाकलेला जोड, बसवा. तो फिरवला की पातळी वर-खाली होते. दीडशे रुपयांचा तुकडा असतो, पण त्याच्याशिवाय वाफा चालवणं म्हणजे आंधळेपणाने गाडी हाकणं.

आमचा पहिला वाफा एका पावसाळ्यात चोंदला. ठेकेदाराने खडी न धुता, क्रशरच्या भुकटीसकट ओतली होती, आणि आम्ही कुणी उभं राहून बघितलं नव्हतं. पाणी वरून वाहू लागलं, वास सुटला, लोक म्हणाले, हे होतंच. सगळी खडी उपसून टँकरच्या पाण्याने धुतली, पुन्हा भरली. तेव्हापासून माझा एक नियम आहे: खडीचा ट्रॉली आला की एक ओंजळ बादलीभर पाण्यात टाकायची. पाणी राखाडी झालं तर ट्रॉली परत.

कर्दळ हातभर अंतरावर लावा. पाणकणीसही चालतं, पण ते फार माजतं आणि कापणी जास्त लागते. पहिले दोन-तीन महिने रोपं पिवळी दिसतील, पाणी पूर्ण साफ होणार नाही. तेव्हा घाबरून काही बदलू नका. मुळं खाली पोचली की फरक दिसतो.

वाफ्यांनंतर मीटरभर खोल उथळ तळं, दीडशे चौरस मीटरचं. उन्हाने रोगजंतू कमी होतात. त्यात गप्पी मासे सोडा, आरोग्य केंद्रात विचारलं तर मिळतात.

पैसा

स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० पर्यंत वस्तीच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत तरतूद होती, त्यातला ३० टक्के वाटा वित्त आयोगाच्या निधीतून. बाराशे वस्तीला हे ३,३६,००० रुपये होतात. शोषखड्ड्यांना पुरे, वाफ्यांना अपुरे. १५व्या वित्त आयोगाच्या ग्रामपंचायतीच्या निधीत ६० टक्के बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच राखलेला होता, आणि त्यातला अर्धा स्वच्छतेसाठी. असा निधी दोन वर्षं जपून ठेवला तर वाफे होतात. प्रस्तावाआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून चालू वर्षाचा शासन निर्णय मागून वाचा, आणि ग्रामसभेच्या ठरावात जागेचा गट नंबर व देखभालीचा खर्च दोन्ही लिहून घ्या.

कोण साफ करणार?

माझ्या मते हाच पहिला प्रश्न आहे, लेखात शेवटी आला एवढंच. बांधकामाआधी नावानिशी ठरलं पाहिजे. आमच्याकडे एका बचत गटातल्या दोघी महिन्याच्या मानधनावर हे बघतात. पाणीपट्टीत घरामागे महिना वीस रुपये वाढवून ते भागतं. रबरी हातमोजे, गमबूट आणि लांब दांड्याचं दाताळं ग्रामपंचायत देते.

जाळी रोज, दहा मिनिटं. वाफ्यांतलं तण आणि वाळलेली कर्दळ महिन्याला. गाळाच्या टाकीत दर सहा महिन्यांनी पांढरा कपडा गुंडाळलेला बांबू तळापर्यंत घालून बघायचं: काळा डाग खोलीच्या एक तृतीयांशापर्यंत चढला की उपसा. दरवर्षी मृगाआधी पावसाच्या पाण्याची खाच मोकळी करायची.

बाहेर पडणारं पाणी काचेच्या बरणीत घेऊन खिडकीत ठेवा. एका दिवसाने तळाला काळा थर बसला किंवा झाकण उघडताच सडक्या अंड्याचा वास आला, तर आत काहीतरी बिघडलं आहे. वर्षातून दोनदा प्रयोगशाळेत पाठवा. ओढ्यात सोडायचं असेल तर बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचं माप, लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत हवा. हे पाणी ऊस, गवत, बांबू, आंबा-चिकूच्या मुळाला द्या. कोथिंबीर, मेथी, मुळा या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना देऊ नका, कितीही स्वच्छ दिसलं तरी.

आमच्या तळ्याचं पाणी आता गायरानावरच्या हत्तीघासाला जातं. दोन्ही बायकांच्या घरच्या म्हशी तो घास खातात, आणि एल्बो किती फिरवायचा हे त्या आता मला विचारत नाहीत.